जुन्या खुर्चीवर कोण बसत होते? रेट्रो उपाहारगृहांचा इतिहास, प्रॉव्हिडन्सपासून चांद्यापर्यंत

१/
काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, लाल रेक्झिनची आसने, कोपऱ्यात चकाकणारा ज्यूकबॉक्स, भिंतीवर निऑनचे दिवे. हे दृश्य जगात कुठेही दिसले तरी ओळखता येते. १९५० च्या दशकातील अमेरिकेची ती हुबेहूब नक्कल असते. या नकलेची भावंडे आपल्याकडेही आहेत. कुठे संगमरवरी मेज आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मांडून इराण्याचे हॉटेल उभे केले जाते. कुठे कंदील, बैलगाडीचे चाक आणि पितळी तांब्या ठेवून 'गाव' उभे केले जाते. ताडोब्याच्या वाटेवरच्या प्रवाशालाही ही सजावट आता अनोळखी नाही.

२/
मराठीत या ओढीसाठी एक नेमका शब्द आहे: स्मरणरंजन. स्मरणरंजन म्हणजे गुन्हा नव्हे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ठिकाणी बसल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ही खुर्ची ज्या काळाची नक्कल करते, त्या काळी तिच्यावर बसण्याची मुभा कोणाला होती? आजचा धागा या एका प्रश्नाचा माग काढतो. वाट लांबची आहे: अमेरिकेतील एक घोडागाडी, पुण्यातील चहाचा एक पेला, कोल्हापुरातील एक हॉटेल आणि शेवटी आपले चंद्रपूर-गडचिरोली.

३/
सुरुवात १८७२ साली. ठिकाण अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहर. वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोड्याच्या गाडीतून रात्री खाद्यपदार्थ विकायला आरंभ केला. शहरातील उपाहारगृहे संध्याकाळीच बंद होत, आणि वृत्तपत्राच्या कचेरीत व छापखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांना खायला काही मिळत नसे. त्यांच्यासाठी ही गाडी होती. आज ज्याला 'डायनर' म्हणून गौरवले जाते, त्याचा मूळ पुरुष हा असा: कामगाराच्या रात्रीच्या भुकेसाठी उभी राहिलेली एक हातावरची सोय.

४/
पुढे गाडीची चाके गेली आणि गाडी जागेवर स्थिरावली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून न्यू जर्सीतील जेरी ओ'माहोनी यांच्यासारखे कारखानदार तयार डायनर बांधून विकू लागले. आकार रेल्वेच्या डब्यासारखा लांबट, आत एक सलग काउंटर, त्यापुढे फिरती स्टुले. तो अख्खा डबा वाहून नेऊन जागेवर बसवला की धंदा सुरू! 'डायनर' हे नावही रेल्वेच्या भोजन-डब्याशी नाते सांगणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला चकचकीत पोलादी पत्र्याचा साज चढला, आणि तेच रूप आज आपल्या डोळ्यांसमोर आहे.

५/
मग उतरण लागली. १९४८ साली कॅलिफोर्नियात मॅकडॉनल्ड बंधूंनी वाढपी काढून टाकले आणि खिडकीतून झटपट खाणे देण्याची पद्धत बसवली. महामार्ग वाढले, साखळी उपाहारगृहे फोफावली, आणि जुने डायनर एकामागून एक बंद पडू लागले. नेमक्या याच सुमारास त्यांची आठवण गोड होऊ लागली. 'अमेरिकन ग्रॅफिटी' हा चित्रपट १९७३ चा, 'हॅपी डेज' ही दूरचित्रवाणी मालिका १९७४ मध्ये सुरू झालेली. व्हिएतनामचे युद्ध, वॉटरगेट प्रकरण आणि तेलटंचाई यांनी पोळलेल्या समाजाला ज्यूकबॉक्सचा काळ निरागस वाटू लागला. १९८६ साली लॉस एंजेलिसमध्ये 'जॉनी रॉकेट्स' निघाले, आणि जुनेपणाची नवीकोरी साखळी जन्माला आली.

६/
यात एक नियम दिसतो, तो लक्षात ठेवावा. वस्तू जिवंत असते तोवर तिचे स्मरणरंजन होत नाही. खऱ्या डायनरमध्ये जाणारा माणूस भूक भागवायला जात असे. भूक भागवण्याचे काम दुसऱ्या कोणी उचलले, तेव्हा डायनरच्या वाट्याला आठवण होणे आले. आणि आठवण घडवणारा मूळ वस्तूतील काय ठेवायचे व काय गाळायचे, हे स्वतः ठरवतो.

७/
अमेरिकेने काय गाळले, ते पाहू. १ फेब्रुवारी १९६०. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे वूलवर्थ नावाचे मोठे दुकान होते. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील हे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे गेले. त्यांनी किरकोळ वस्तू घेतल्या, पैसे दिले, पावती घेतली. नंतर ते त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. कॉफी नाकारण्यात आली. दुकानाला त्यांचे पैसे चालत होते, त्यांचे बसणे चालत नव्हते.

८/
चौघे दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी अधिक विद्यार्थी आले, मग शेकडो. ही बैठी चळवळ दक्षिणेतील शहरांमध्ये पसरली. अखेर २५ जुलै १९६० रोजी त्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना प्रथमच खाणे वाढले गेले. ज्यांना सर्वांत आधी वाढले, ते त्याच दुकानातील कृष्णवर्णीय कर्मचारी होते. इतकी वर्षे ज्या ठिकाणी राबत होते, तिथे बसून जेवण्याचा तो त्यांचा पहिला दिवस! त्या काउंटरचा एक भाग आज वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तीही जुनी स्टुलेच आहेत, पण ती पाहताना मनात वेगळेच काही उमटते.

९/
वूलवर्थचा काउंटर आणि रस्त्यावरचा डायनर एकच नव्हेत, हे खरे. पण वर्णभेदाची रीत दोन्हीकडे होती. ती एवढी व्यापक होती की व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून एक मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, यांची ती यादी होती. सुमारे तीन दशके ती निघत राहिली. सार्वजनिक उपाहारगृहांतील भेदभावावर सर्व देशभर बंदी घालणारा नागरी हक्क कायदा आला २ जुलै १९६४ रोजी. म्हणजे रेट्रो डायनर ज्या दशकाची गाणी वाजवतो, ते सगळे दशक या कायद्यापूर्वीचे आहे.

१०/
आता आपल्याकडे वळू. अमेरिकेतील भेद रंगाचा होता. आपल्याकडे तो थेट स्वयंपाकघरातून निघत असे. कोणी शिजवले, कोणी वाढले, शेजारी कोण बसले, यावर जात टिकत किंवा बुडत असे. पंक्तिभेद हा शब्दच सांगतो की आपल्या समाजाची उतरंड पानावर मांडलेली होती. अशा समाजात 'पैसे द्या आणि कोणाच्याही शेजारी बसून खा' असे सांगणारे दुकान ही मोठीच उलथापालथ होती.

११/
ती किती मोठी होती, याचा पुरावा पुण्याने १८९० साली दिला. पंच हौद मिशनमधील एका कार्यक्रमाला शहरातील नामांकित मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेल्याला नुसता हात लावला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि गावात वादळ उठले. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तांचा वाद कित्येक महिने रंगला. देशाचे पुढारी ठरलेल्या माणसांना एका पेलाभर चहाचा हिशेब द्यावा लागला.

१२/
हे प्रकरण बहुधा गमतीचा किस्सा म्हणून सांगितले जाते. पण त्याची दुसरी बाजू पाहावी. रानडे-टिळकांना चहा पिण्याचे प्रायश्चित्त सुचवले गेले, कारण पेला त्यांच्यापुढे आला होता. ज्यांच्यापुढे पेला येतच नव्हता, त्यांचे काय? त्यांना चहा मिळाला तर तो लांबून ओतलेला, वेगळ्या ठेवलेल्या कपात, आणि तो कप विसळून ठेवण्याचे काम त्यांचेच. ही वेगळ्या कपाची रीत महाराष्ट्रातील खेड्यांत स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली होती.

१३/
मुंबईत याच काळात इराण्यांची हॉटेले वाढत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यझ्द-केरमान भागांतून आलेल्या कुटुंबांनी ती काढली. धोबी तलावाचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. रस्त्याच्या कोपऱ्यावरचे दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानत म्हणून ते इराण्यांना मिळाले, असे सांगितले जाते. संगमरवरी मेजे आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या हे त्यांचे वैभव. ही खुर्ची मूळची मध्य युरोपातील. व्हिएन्नाच्या टोनेट कंपनीने १८५९ साली तिचा स्वस्त नमुना बाजारात आणला, आणि सुटे भाग पेटीत भरून तो जगभर गेला.

१४/
इराण्याकडे गिरणीकामगार, कारकून, टॅक्सीवाला, वकील आणि बेकार पदवीधर एकाच छपराखाली बसत. ब्रून-मस्का आणि कडक चहा सर्वांना परवडे. गल्ल्यावर बसलेल्या इराण्याला गिऱ्हाइकाच्या जातीशी कर्तव्य नसे; त्याला टेबल लवकर रिकामे व्हावे एवढीच आच असे. धर्मशास्त्राने जे वाद शतकभर घातले, ते धंद्याच्या गरजेने न बोलता बाजूला सारले. म्हणूनच सोवळ्यातल्या घरांत इराण्याकडे जाणे हे मुलाच्या बिघडण्याचे पहिले लक्षण मानले जाई.

१५/
पण याही चित्राला फार सोनेरी रंग देऊ नये. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत बडोद्याचा प्रसंग नोंदवला आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या या तरुणाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, तो पारशांच्या दृष्टीनेही अस्पृश्यच ठरू शकतो, हा धडा तिथे मिळाल्याचे ते लिहितात. इराण्याचा मोकळेपणा शहराच्या आणि धंद्याच्या गरजेतून आलेला होता; तो सर्वत्र व सर्वकाळ असेल असे गृहीत धरता येत नाही.

१६/
त्याच टिपणांत १९०१ चाही एक प्रसंग आहे. लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर स्टेशनमास्तराने मुलांचे नीटनेटके कपडे पाहून विचारपूस केली. जात कळताच तो बाजूला झाला. पुढचा प्रवास बैलगाडीने. मुलांजवळ पैसे होते, शिदोरी भरलेली होती, पण वाटेत पाणी द्यायला कोणी तयार नव्हते. पाण्याविना घास उतरेना म्हणून मुले भरलेल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. रेट्रो हॉटेलांतून बैलगाडीचे चाक दिसते, तेव्हा या बैलगाडीचीही आठवण राहू द्यावी.

१७/
आता कोल्हापूर. संस्थानच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून सहकाऱ्यांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज आपली गाडी भर रस्त्यात त्या हॉटेलसमोर थांबवत, गंगारामच्या हातचा चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी चहा घेतल्यावर सरदारांना नाही कसे म्हणता येणार?

१८/
विचार करा: १८९० साली चहाचा पेला हा पुढाऱ्यांवरचा आरोप होता, १९२० च्या आगेमागे तोच पेला राजाचे हत्यार झाला. याच धाग्यात पुढे १९२३ चा बोले ठराव येतो. मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा हा ठराव केला. त्यानंतर २० मार्च १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आला. रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढले, तेही याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. हॉटेल, पाणवठा, पंगत: आपल्याकडे समतेचे लढे अनेकदा पाण्याच्या ओंजळीतून आणि चहाच्या पेल्यातून सुरू झाले.

१९/
२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही तिथे जाण्यापासून रोखता येणार नाही. देशाच्या मूळ कायद्यात चहाच्या दुकानाचे नाव यावे, हे इतर देशांच्या अभ्यासकाला विचित्र वाटेल. वरील इतिहास वाचलेल्याला वाटणार नाही. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम लागू झाला. अमेरिकेतील १९६४ च्या कायद्याच्या कितीतरी आधी आपण हा हक्क लिहून ठेवला. लिहिलेले टेबलापर्यंत पोहोचायला मात्र पुढेही बराच काळ लागला.

२०/
आता आपल्या गावी येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, ते चांद्यात होते. तेव्हाचे चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. इथेही प्रचंड जनसमुदायाला त्यांनी दीक्षा दिली. इतिहासप्रेमींसाठी एक तपशील: त्या दिवशी चांदा मध्य प्रदेश राज्यात होते. राज्यपुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

२१/
दीक्षेचा अर्थ धर्मचर्चेपुरता मर्यादित करू नये. पाण्यासाठी ताटकळलेल्या, लांबून ओतलेला चहा प्यालेल्या माणसांनी 'आम्ही या उतरंडीत बसत नाही' असे जाहीरपणे सांगितले, हाही त्या दिवसाचा अर्थ आहे. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आजही दर ऑक्टोबरात लोक लोटतात. १९५० च्या दशकाचे चित्र रंगवायचे तर आपल्याकडे त्या दशकाची सर्वांत मोठी घटना ही आहे. ज्यूकबॉक्सच्या दशकाला झाडीपट्टीत हा आवाज होता.

२२/
या जिल्ह्यांतील गावरान सजावटीकडे याच नजरेने पाहू. पहिली गोष्ट भिंतीवरची. गावाचा भास हवा म्हणून वारली चित्रे काढण्याची चाल आता राज्यभर आहे. वारली हे पालघर-ठाण्याकडील लोक, राज्याच्या दुसऱ्या टोकाचे. गोंड, माडिया, कोलाम यांच्या मुलखात वारली चित्रे काढणे म्हणजे तंजावरच्या वाड्यात पंजाबी फुलकारी टांगणे. चित्र सुंदरच आहे. पण 'आदिवासी' नावाचा एकच गठ्ठा करून ज्यांच्या भूमीत आपण बसलो त्यांचे वेगळेपण त्याने पुसले जाते.

२३/
दुसरी गोष्ट डोक्यावरची, म्हणजे मांडवाचा बांबू. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरील पिढीजात हक्कांना सवलतींचे रूप दिले. स्वतंत्र भारतातही दीर्घकाळ बांबूवर वन विभागाचा ताबा राहिला. कागद कारखान्यांना तो मोठ्या प्रमाणावर मिळे, पण जंगलात राहणाऱ्याला तोडून विकता येत नसे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा आता देशभर ठाऊक आहे. मांडवाखाली जेवताना हा बांबू कोणाचा होता आणि कधी कोणाचा झाला, हे आठवावे.

२४/
तिसरी गोष्ट ताटातली. मोहफुलांचे पदार्थ, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आंबील, रानभाज्या यांना आता 'विस्मृतीत गेलेले अन्न' म्हटले जाते. कोणाच्या विस्मृतीत? गडचिरोलीच्या गावांत आजही मार्च-एप्रिलात पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन माणसे वेचायला बसतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत पोळून निघाला, तेव्हा रानातल्या फुला-कंदांनीच अनेकांना तारले. सरकार मात्र मोहाकडे दारूच्या नजरेने पाहत राहिले. मुंबई इलाख्यात १८९२ साली ठाणे-कुलाब्यातील मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदाच झाला. मोहफुलांच्या संकलन, वाहतूक व साठवणुकीवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने उठवले ते २०२१ मध्ये. वेचणाऱ्याला ज्या फुलासाठी परवाना लागत होता, ते फूल आता गौरवाने ताटात येते. येऊ द्या, फक्त त्याचा दाम वेचणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवा.

२५/
मुंबईतही हेच घडले. गिरणगावात हजारो गिरणीकामगार बायकांनी चालवलेल्या खानावळींत जेवत. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, खानावळींची पंगत विरळ झाली. २००६ साली वरळीतील एका गिरणीच्या आवारात हार्ड रॉक कॅफे निघाला. लंडनमध्ये १९७१ साली दोन अमेरिकनांनी अमेरिकन डायनरच्या आठवणीने काढलेल्या कॅफेची ही शाखा. जिथे खानावळीचा डबा खाल्ला जाई, तिथे दुसऱ्या देशाचे स्मरणरंजन आले. इकडे मुंबईची इराणी हॉटेले मिटत गेली, तिकडे २०१० साली लंडनमध्ये त्यांच्या नकलेचे 'डिशूम' उघडले आणि त्यापुढे रांगा लागल्या.

२६/
मग अशा ठिकाणी जाऊच नये का? अवश्य जावे. नकलेमुळेही काही टिकते: पाककृती टिकतात, शब्द टिकतात, खुर्ची घडवणाऱ्या सुताराला काम मिळते. ग्रीन्सबरोचा काउंटर लोकांनी जपला म्हणूनच आज त्याची गोष्ट सांगता येते. तक्रार जुन्या वस्तूंबद्दल नाही. वस्तूंचे जतन करताना माणसे गाळली जातात, ती गाळू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

२७/
म्हणून पुढच्या वेळी रेट्रो उपाहारगृहात बसाल तेव्हा तीन प्रश्न सोबत न्या.
पहिला: या जागेचे मूळ रूप कोणाची भूक भागवत होते?
दुसरा: त्या मूळ जागेत कोणाला प्रवेश नव्हता?
तिसरा: आज या आठवणीचे पैसे कोणाकडे जातात?
डायनर असो, इराणी असो वा ताडोब्याजवळचा गावरान मांडव, हे तीन प्रश्न सगळीकडे चालतात.

२८/
आणि एक काम. घरात ऐंशीच्या घरातले आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा: तुमच्या गावी पहिले हॉटेल कोणाचे होते? तिथे तुम्ही आत बसत होता की बाहेर उभे राहत होता? कप वेगळा होता का? तो कोण धूत असे? बल्लारशाच्या फलाटावर, वरोऱ्याच्या खाणीजवळ, मूल-सिंदेवाहीच्या बाजारात, धानोऱ्याच्या आठवडी बाजारात चहा कसा मिळत असे? उत्तरे तारीख-वारासह लिहून ठेवा. हा इतिहास अजून कोणत्याही ग्रंथात पुरता आलेला नाही. ज्यांच्या स्मरणात तो आहे, ती पिढी आता थकत चालली आहे. त्यांच्याकडून ऐकलेले या धाग्याखाली जरूर लिहा.